दोन ऑक्सिजनमधलं अंतर

आत्या एकाच पायात चप्पल घालून कामावरून घरी आली, तेव्हा बारकी आधी पोट धरून हसली.

"अगं, दुसरी कुठंय?"

आत्याने खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती, डाव्यात नुसता मोजा, आणि तोही चिखलाने काळा झालेला. तिने मागे वळून जिन्याकडे पाहिलं, जणू राहिलेली चप्पल दम खात मागून वर येतच असेल.

"पडली असेल कुठेतरी," ती म्हणाली. "जुनी झाली होती बिचारी. तिलाही रिटायर व्हावंसं वाटलं असेल."

बारकी चप्पल शोधायला खाली उतरली. ती सापडली थेट कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानासमोर. म्हणजे तिथून घरापर्यंतचा सगळा रस्ता, आणि वर दोन मजले, आत्या गारठलेल्या दगडांवरून नुसत्या मोज्यावर चालत आली होती आणि तिला पत्ताच नव्हता. चप्पल हातात घेऊन जिना चढताना बारकीचं हसू विरत गेलं.

बारकीला आत्यानेच वाढवलं होतं. भाऊ आणि वहिनी एका अपघातात एकदमच गेले, तेव्हा ही पोर नीट बोलतही नव्हती. आत्याने लग्न केलं नव्हतं. "मला जो आवडला त्याला मी नाही आवडले, आणि ज्याला मी आवडले त्याचं नाव काढू नका," असं ती सांगायची. पोर पदरात पडल्यावर तर तिने तो विषयच मिटवला. म्हणायची, आयती लेक मिळाली, मधली नवऱ्याची भानगड वाचली.

ती बुटांच्या कारखान्यात चिकटवणीच्या विभागात होती. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना बायका, प्रत्येकीपुढे एक डबा आणि एक ब्रश. बुटाच्या तळाला आणि वरच्या चामड्याला चिकटवायचं द्रव्य लावायचं, जरासं सुकू द्यायचं, मग दोन्ही एकमेकांवर दाबायचे. त्या द्रव्याला सगळे 'सोल्यूशन' म्हणत. आणि तिला सगळे आत्या म्हणत. दारावरचा पांढऱ्या मिशांचा चौकीदारसुद्धा.

या कमाईवर बारकी शिकली, आणि शिकतच राहिली. आता ती एका संशोधन संस्थेत होती. कारखान्यांतून हवेत आणि पाण्यात जाणारी रसायनं मेंदूच्या पेशींचं काय करतात, हा तिचा अभ्यास. त्यासाठी ती उंदरांच्या मेंदूच्या पेशी काचेच्या चपट्या बश्यांत वाढवायची. शेजाऱ्यांना समजावण्याचं काम मात्र आत्याकडे होतं. "आमची बारकी उंदरांच्या मेंदूची शेती करते," ती सांगे. "पीक चांगलं येतं म्हणे. विकत तेवढं कोणी घेत नाही."

तर त्या संध्याकाळी बारकीने आत्याला खुर्चीवर बसवलं, मोजे काढायला लावले आणि डोळे मिटायला सांगितले. मग पेन्सिलीच्या टोकाने पायाच्या करंगळीला टोचलं.

"कुठलं बोट?"

"मधलं."

"आणि आता?"

"लावलीस की सांग."

बारकी पेन्सिल दाबून धरून होती. बोटावर खळगा पडला होता.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. तीही सरळ नाही. आत्याच्या पोटातून गोष्ट काढायची म्हणजे विहिरीतून घागर काढण्यापैकी. थंडी सुरू झाल्यापासून पायांना मुंग्या येत होत्या. पुढे मुंग्या गेल्या आणि पाय कापसाचे झाले. ब्लाऊजची बटणं लावायला सकाळी हल्ली फार वेळ लागायचा. दोन कप फुटले होते, त्याचं खापर तिने मांजरावर फोडलं होतं. घरात मांजर नव्हतं. पण बारकी कामाच्या नादात असायची, तिच्या ते लक्षातही आलं नाही.

गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर नव्हती. "वय झालं," ते म्हणाले आणि त्यांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. आत्याने त्या मनोभावे खाल्ल्या. पाय जिथल्या तिथे.

उलगडा झाला तो धुणं धुताना. आत्या कामावर डोक्याला एक रुमाल बांधायची. बारकी तो बादलीत टाकणार, तोच तिच्या नाकात वास शिरला. पेट्रोलसारखा, पण जरा गोडसर. हा वास तिच्या ओळखीचा होता. तिच्या प्रयोगशाळेत, काचेच्या पडद्यामागे, हवा ओढून घेणाऱ्या कपाटात एक बाटली होती, तिचा. ती तशीच ओल्या हातांनी रुमाल नाकाशी धरून उभी राहिली.

"हे सोल्यूशन कधीपासून वापरता?" तिने विचारलं.

"या थंडीतच नवीन आलंय. झकास आहे. लावलं की पटकन सुकतं."

"खिडक्या?"

"एवढ्या थंडीत कोण उघडणार! दुपारपर्यंत सगळ्यांची डोकी कशी पिसासारखी हलकी होतात. काल एकीच्या नाकाला ब्रश लागला तर आम्ही तासभर हसत होतो. संध्याकाळी मात्र डोकं ठणकतं."

दुसऱ्या दिवशी बारकी कारखान्यात गेली. मालक भला माणूस. टकला, बोलका, दिवसभर कामगारांमध्येच उभा असणारा. त्याने काही न विचारता सोल्यूशनची लहान बाटली भरून दिली, वर बाटलीचं तोंड स्वतःच्या बोटाने पुसलं. संस्थेतल्या यंत्रात तो नमुना घातल्यावर पडद्यावर एक सुळका उभा राहिला, इतर सगळ्यांहून उंच. हेक्झेन. कपाटातल्या बाटलीत होतं तेच पेट्रोलजातीचं द्रव्य. सोल्यूशनमध्ये अर्ध्याहून जास्त तेच.

बारकीच्या मॅडमनी पडद्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. "आत्यांना मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे ने," त्या म्हणाल्या. "आणि उद्यापासून कामावर पाठवू नकोस."

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आत्याच्या पायांना बारीक बारीक विजेचे झटके देऊन पाहिलं. तंतूंमधून निरोप रखडत जात होता. तळपायांपाशी तर जवळजवळ पोचतच नव्हता. "तुमचं निदान बरोबर आहे," त्या बारकीला म्हणाल्या. मग आत्याकडे वळल्या. "बाई, ते काम बंद. यावर खास औषध नाही. व्यायाम आणि वेळ. आणि एक आत्ताच सांगून ठेवते, काम सोडल्यावरही काही आठवडे हे वाढेल. कदाचित दोन-तीन महिने. मग उतरेल. घाबरायचं नाही."

"सोडल्यावर वाढेल?" आत्या म्हणाली. "ही कुठली तऱ्हा?"

घरी आल्यावर बारकीने शिवणाच्या डब्यातली बटणं ओट्यावर ओतली. सहा पांढरी बटणं तिने एका रांगेत मांडली.

"हे सहा कार्बन. एकापुढे एक. हे हेक्झेन. ते नुसतं असतं तेव्हा डोकं हलकं करतं, बाकी फारसं काही नाही. पण शरीराला ते बाहेर टाकायचं असतं. तेलकट वस्तू पाण्यात विरघळत नाही, म्हणून लिव्हर तिच्यावर ऑक्सिजन चढवतं." तिने एक लाल बटण दुसऱ्या पांढऱ्यावर ठेवलं आणि एक पाचव्यावर. "एक इथे. एक इथे."

"चांगलंच करतंय की."

"हेतू चांगलाच. पण या दोन ऑक्सिजनमधलं अंतर असं नेमकं पडतं, की ही दोन्ही ठिकाणं मिळून प्रथिनाचं एक टोक पकडतात आणि त्याचं कडं बनतं. मग ते सुटत नाही. चेतापेशीच्या तंतूत प्रथिनांचे लांब धागे असतात. अशी कडी बसत गेली की धागे एकमेकांना चिकटतात, गुंता होतो, मध्येच फुगवटा येतो आणि पेशीतला माल पुढे सरकत नाही. तंतू जितका लांब तितका फटका आधी. पायापर्यंत जाणारे सगळ्यात लांब."

"म्हणजे घरभेदी माझं लिव्हरच निघालं!" आत्या म्हणाली. "आणि मी त्याला इतकी वर्षं गरम-गरम जेवू घातलं."

तिने बोट पुढे केलं. बटण दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा हाताशी लागलं. पाचव्यावरचं लाल बटण तिने चौथ्यावर सरकवलं. "आणि हा इथे बसला असता तर?"

"तर कडं झालंच नसतं. माझ्याकडे दोन्ही बाटल्या आहेत, आत्या. तेच अणू, तेवढेच अणू, वजन तेच. दुसरं-चौथं घातलं तर पेशी मजेत असतात. दुसरं-पाचवं घातलं की तंतूंना गाठी येतात."

"एक घर सरकून बसायला काय झालं होतं मेल्याला!"

मग तिने विचारलं, "आणि डोक्यात? तिथेही हेच?"

बारकी तिच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. "मेंदूतून पाठीच्या कण्यात उतरतात ते तंतूही लांबच असतात. त्यांनाही थोडं होतं."

"बरं," आत्या म्हणाली. "डोकं माझं तसंही कुणी तपासलेलं नाही. जे आहे ते आहे." आणि बारकीचा चेहरा पाहून तिने तिच्या डोक्यावर टपली मारली. "रडू नकोस. तू रडलीस की मला स्वयंपाक करावा लागतो."

काम सुटलं. का सुटलं ते बारकीने मालकाला सांगितलं, पण त्याला ते पटलं नाही. आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. बधिरपणा घोट्यावरून पोटऱ्यांत चढला. आत्या भिंतीला धरून चालू लागली. "चालता येईना, फरशी वाकडी," म्हणून आधी स्वतःवरच हसायची. पण चमचा हातातून पडायला लागला तसं हसणं कमी झालं. बारकी सकाळी तिची वेणी घालायची, बटणं लावायची, ताटातले घास लहान करून ठेवायची. एके काळी हेच सगळं उलट चालायचं. आत्याला ते आठवायचं आणि तिचा संताप व्हायचा. संताप झाला की ती भाजीत मीठ कमी आहे म्हणून भांडायची.

अशात एक दिवस मालक फळांची पिशवी घेऊन भेटायला आला. "आत्या, तुमच्याविना टेबल सुनं झालंय," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. मग तिला भिंत धरून येताना पाहून त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "पण मला एक कळत नाही. काम सोडून इतके दिवस झाले, तरी तुमचं वाढतंच आहे. मग दोष सोल्यूशनचा कसा? माझा बाप असल्याच वासात म्हातारा झाला."

तो निघून गेला, पण ते वाक्य घरात राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारकी कामावर निघाली, अर्ध्या वाटेत डबा विसरल्याचं लक्षात येऊन परतली, तर आत्या जिन्यात. एकेका पायरीवर बसत, हातांनी स्वतःला खाली ढकलत ती उतरत होती. डोक्याला रुमाल बांधलेला.

"कुठे निघालीस?"

"कामावर. घरात बसून माझे पाय जास्त बिघडलेत. तिथे होते तेव्हा निदान चालत तरी होते."

"आत्या!"

"ओरडू नकोस. तुझी बटणं मला समजली. पण पाय माझे आहेत, आणि ते तुझ्या बटणांचं ऐकत नाहीत."

बारकी तिच्या खालच्या पायरीवर बसली. आत्याचा एक पाय तिच्या मांडीला टेकला होता आणि आत्याला ते कळत नव्हतं. तिने तो हळूच दोन्ही हातांत धरला.

"चल," ती शेवटी म्हणाली. "जाऊ कामावर. पण आधी माझ्या, मग तुझ्या."

"मग नक्की माझ्या?"

"नक्की."

संस्थेच्या दारातून पुढे जायला चाकांची खुर्ची नव्हती, म्हणून बारकीने ऑफिसातली गोल फिरणारी खुर्ची आणली. मॅडमनी मागून ढकलली, बारकीने पुढून ओढली, आणि आत्या मधे वरातीला निघाल्यासारखी बसून दोन्हीकडच्या काचांतून आत बघत चालली. एका वळणावर खुर्चीने गिरकी घेतली. "सावकाश गं बायांनो," ती ओरडली. "बरी व्हायला आलेय, पडायला नाही."

सूक्ष्मदर्शकाखाली बारकीने पहिली बशी ठेवली. आत्याने एक डोळा मिटला, मग दुसरा, मग बारकीने तिचं डोकं नीट धरलं.

"अगं बाई! कोळ्याने जाळं विणलंय जसं."

"या धडधाकट पेशी. ते धागे म्हणजे त्यांचे तंतू." तिने बशी बदलली. "आणि ही दुसरं-पाचवं दिलेली."

आत्या बराच वेळ बघत राहिली. तंतूंवर जागोजागी फुगवटे होते. "सापाने उंदीर गिळल्यासारखं दिसतंय," ती म्हणाली.

मग बारकीने तिला संगणकापुढे नेलं. तिथे तिसऱ्या बशीची चित्रं होती, रोज एक काढलेली. "या बशीतलं रसायन आम्ही धुऊन काढलं. इथून पुढे त्या पेशींना एक थेंबही मिळालेला नाही. आता बघ."

पुढच्या चित्रात फुगवटे जास्त होते. त्याच्या पुढच्यात आणखी मोठे. आत्या पुढे वाकली.

"धुतल्यावरही वाढतायत," ती हळू आवाजात म्हणाली.

"हो. कारण आधी बसलेली कडी आतच असतात. ते चिकटलेले धागे हळूहळू टोकाकडे सरकत जातात आणि तिथे तुंबतात. नवीन काही येत नाही, पण जुनं अजून वाटेवर असतं. आता पुढे बघ."

बारकी चित्रं पुढे सरकवत गेली. एका फुगवट्याच्या अलीकडून, जिथे काहीच नव्हतं तिथून, केसाहूनही बारीक काहीतरी निघालं होतं. पुढच्या चित्रात ते लांबलं. त्याच्या पुढच्यात त्याला फाटा फुटला.

आत्याने पडद्याला बोट लावलं. "हे काय?"

"नवा तंतू."

"किती बारीक आहे गं."

"सुरुवातीला बारीकच असतो."

"तू अशीच होतीस," आत्या म्हणाली. "हातात धरायला भीती वाटायची."

मॅडम मागे उभ्या होत्या. त्यांनी घसा साफ केला. "आत्या, बशीत होतं ते माणसात जसंच्या तसं होईल, असं मी म्हणणार नाही. पण हातापायांतल्या तंतूंना पुन्हा वाढायची सवय असते. मेंदूतले आणि कण्यातले जरा आळशी. तिथे थोडंफार राहून जाऊ शकतं."

"राहू दे," आत्या म्हणाली. "सगळं नवं कशाला हवंय मला. चल बारके, आता माझ्या कामावर."

शब्द दिला होता, बारकीला जावं लागलं. चिकटवणीच्या खोलीत शिरल्या शिरल्या तो वास आला. बायका उठून आत्याभोवती जमल्या, कुणी स्टूल दिलं, कुणी हात धरला. आत्या बसली आणि तिने सरळ विचारलं, "खरं सांगा, चालता चालता चप्पल कुणाकुणाची पडते?"

बायकांनी एकमेकींच्या पायांकडे पाहिलं. मग एकजण हसत म्हणाली, "मला वाटलं माझी सैल आहे." दुसरीने तिच्याकडे चमकून पाहिलं. तिसरी आपल्या बोटांकडे बघू लागली.

आवाज ऐकून मालक आत आला. बारकीने त्याला यंत्रात काय दिसलं ते पुन्हा सांगितलं. तो अडला. "ताई, तुम्ही शिकलेल्या, तुम्ही म्हणता ते असेलही. पण मी या सगळ्यांबरोबर दिवसभर इथेच उभा असतो. मला कुठे काय झालंय?"

"बूट काढा, मालक," आत्या म्हणाली.

"काय?"

"बूट काढा. मोजाही. लाजू नका, आम्ही तुमचे बूट रोजच हाताळतो."

बायका हसल्या. तोही हसत हसत पेटीवर बसला आणि त्याने पाय पुढे केला. आत्याने त्याला डोळे मिटायला सांगितले आणि ब्रशचा दांडा उलटा धरून त्याच्या पायाच्या बोटाला लावला. तिचा हात थरथरत होता, म्हणून शेजारच्या बाईने तो वरून धरला.

"सांगा, कुठलं बोट?"

"लावा ना आधी," मालक म्हणाला.

खोलीतलं हसणं थांबलं. ती शांतता त्याला कळली. त्याने डोळे उघडले, खाली पाहिलं. दांडा त्याच्या अंगठ्याशेजारच्या बोटात चांगलाच रुतला होता.

तो तसाच एका उघड्या पायाने उठला आणि त्याने एकेक करून सगळ्या खिडक्या स्वतः उघडल्या. गार वारा आत आला. कुणी तक्रार केली नाही.

त्या आठवड्यात सगळ्यांची तपासणी झाली, मालकासकट. पाण्यात कालवलेलं दुसरं चिकटद्रव्य आलं. ते सुकायला फार वेळ घ्यायचं आणि मालक त्याच्या नावाने बोटं मोडायचा. पण जुने डबे त्याने पुन्हा आणले नाहीत. हवा बाहेर ओढणारे मोठे पंखे बसले, ते इतका आवाज करत की बायकांना गप्पा ओरडून माराव्या लागत.

आत्याचं पुढे आणखी थोडं वाढलं, मग थांबलं. मग बरेच दिवस काहीच झालं नाही. रोजचा व्यायाम, रोजची चिडचिड. बारकी संध्याकाळी टबात कोमट पाणी घेऊन तिचे पाय चोळायची. एकदा तिने कढत पाणी ओतलं आणि त्यात थंड घालणार, तोच फोन वाजला. ती बोलत असतानाच आतून किंकाळी आली.

"मेले! भाजलं!"

बारकी धावली. आत्याने पाय टबाबाहेर ओढला होता आणि तो लालबुंद झाला होता. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"भाजलं?" बारकीने विचारलं.

"भाजलं!"

"कुठे?"

"करंगळीला! आधी करंगळीला, मग टाचेला! अगं, चुरचुरतंय नुसतं!"

बारकी तिथेच ओल्या फरशीवर बसली. आत्या रडत होती, हसत होती आणि हिला शिव्याही घालत होती. "खात्री करायला पुन्हा घालून बघतेस का?" बारकीने विचारलं.

"वेडी आहेस का? चामडं आहे माझं, बुटाचं नव्हे!"

हातांत आधी जोर आला, पायांत मागाहून. सगळं मात्र परत आलं नाही. डावा पाय ताठरच राहिला; वळताना तो जरा उशिरा वळतो. तेवढं मेंदूकडून येणाऱ्या तंतूंचं राहिलं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दोघींनी तळमजल्यावर जागा घेतली. आत्या पुन्हा कारखान्यात जाते, पण चिकटवणीत नाही. तयार बूट तपासायच्या टेबलावर बसते आणि खोट काढते. हे काम तिला जन्मजात येतं, असं सगळ्यांचं मत आहे.

संध्याकाळी दोघी पुलापर्यंत फिरायला जातात. परवा बारकी आपली पावलं तिच्या बेताने टाकत होती, तर आत्या काठी आपटून थांबली.

"माझ्यासाठी हळू चालू नकोस."

"मीच दमलेय गं."

"खोटं बोलायला शिकलीस," आत्या म्हणाली, "पण चांगलं नाही शिकलीस." आणि तिने बारकीच्या दंडाला घट्ट धरलं.